दांडा, भाट, जुवा, पुळण : तुमच्या वाडीचं नाव कुठून आलं?

खाडीपल्याड :

नमस्कार मंडळी. परवा माझं एक पार्सल तीन दिवस फिरत होतं. चौथ्या दिवशी डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन, "काका, देवळापाशीच उभा आहे, हात दाखवा." मी अंगणात येऊन हात केला. त्यानेही केला. दिसला मला. खाडीच्या पलीकडे! मध्ये तीनेकशे मीटर पाणी, आणि पुलावरून फिरून यायचं तर २२ किलोमीटर. "नकाशात तुमचं गाव इथेच दाखवतंय काका," असं त्याचं म्हणणं. फोन उघडून बघितलं तर खरंच तसं. आमच्या गावाचं नाव समोरच्या काठावर पडलंय आणि आम्ही राहतो तिथे नुसता हिरवा रंग.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या तोंडावरचं, साडेतीनशे उंबऱ्यांचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे अर्धा तालुका वाचतो आणि आमच्या घरात सध्या हिश्श्यावरून भाऊबंदकी चालू आहे.

तर मुद्दा असा. सातबाऱ्यावर गावाचं नाव एक. पण आजी त्याच गावात दिवसभर "दांड्यावर", "भाटीत", "खाजणात" (खाऱ्या दलदलीत), "तरीवर" (होडीच्या उताराशी), "पऱ्यापलीकडे" (ओढ्यापलीकडे), "सड्यावर" (वरच्या कातळावर) अशी फिरत असते. दांड्यावर जाते म्हणाली की अनवाणी निघणार, सड्यावर म्हणाली की काठी घेणार. पाटी एकाही ठिकाणी नाही. यातलं एकही नाव पत्त्यात लिहून चालत नाही, पण गावात त्यावाचून पान हलत नाही.

प्रश्न : दांडा हा शब्द फक्त आमचाच की किनारभर आहे? रेवदंडा, खारदांडा, आगरदांडा, उभादांडा ही सगळी एकाच घरातली भावंडं का?

मालवणी माड :

भावंडं आसत. आमच्याकडे मालवणात दांडी आहे, दांडेश्वराचं देऊळ आहे, वेंगुर्ल्याला उभादांडा आहे. दोन्हीकडे पाणी आणि मधी वाळूची काठीसारखी पट्टी, ती दांडा.

हा दांडा कसा तयार होतो ते बघायचं असेल तर देवबागला या. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या वाळूवर माड, घरं, रस्ता आणि आता होम-स्टेच्या पाट्या. नदी गाळ आणि वाळू घेऊन येते. लाटा किनाऱ्यावर सरळ न येता तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. नदीच्या तोंडाशी आली की तिथे थबकते, साचते, आणि पट्टी लांबत जाते. नदीला मग वळसा घालून समुद्राला भेटावं लागतं. पावसात लाटांचा जोर वाढला की तीच पट्टी खाल्लीही जाते. म्हणजे दांडा ही काही कायमची जमीन नव्हे, वाळूचा चालू खातेवही आहे. जमा-नावे रोज.

आणि नावं फक्त जुनीच असतात असं नाही. देवबागच्या संगमावर जो वाळूचा उंचवटा आहे त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतरचं नाव. वीस-बावीस वर्षांत एवढं रुळलं की होडीवाले दुसऱ्या नावाने ओळखतच नाहीत.

चौलच्या अलीकडे :

*वाळूची चालू खातेवही (आमच्या शाळेत असं लिहिलं असतं तर लिंगावरून छडी बसली असती.)

रायगडकडून भर घालतो. आगरदांडा या नावात दोन भूगोल एकत्र आहेत. दांडा वर आलाच. आगर म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि मिठाचंही आगरच. दिवेआगर आणि गुहागर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुपारीची सावली येते. मिठागर म्हटलं की भाजणारं ऊन. शब्द एकच. आगरी समाजाचं नाव यातल्या दुसऱ्या आगराशी, मिठाच्या वाफ्यांशी जोडलेलं आहे. विचार केला तर दोन्हीत काम सारखंच आहे : बांध घालायचे, पाणी खेळवायचं, जमीन वाफ्यावाफ्यांत पाडायची. एकीकडे गोडं पाणी, एकीकडे खारं.

आमच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आठ आगरं कोणती हे मात्र कोणाला विचारू नका. अलिबाग, थळ, किहीम, आवास, सासवणे, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा... मोजा, नऊ झाली. प्रत्येक जण आपलं गाव ठेवून दुसऱ्याचं एक गाळतो आणि आठ करतो.

नाव किती टिकतं बघा. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. पर्यटक आक्षीला वाळूवर घोडागाडी पळवायला येतात, लेखाकडे फारसं कोणी फिरकत नाही, ते असो.

पालघरचा पाहुणा :

नावाला शेपूट लागणं हाही एक प्रकार आहे. आमच्याकडे नुसतं माहीम म्हटलं की मुंबईचा माणूस दर्ग्यापाशी उतरतो. म्हणून केळवे-माहीम. तसंच मुरूड. एक जंजिऱ्याचं, एक दापोलीचं. म्हणून मुरूड-जंजिरा आणि हर्णै-मुरूड. आणि गंमत म्हणजे जंजिरा हाही मुळात सामान्य शब्द, अरबी जझीरा म्हणजे बेट. "बेट" या शब्दाचंच विशेषनाम झालं आणि ते शेजारच्या गावाला ओळख म्हणून चिकटलं.

मालवणी माड :

बेटावरून आठवलं. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. कालावलच्या खाडीत खोतजुवा, जुवा-पाणखोल आहेत. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे आहे. गोव्यातही जुवें आहे. समुद्रातलं ते बेट, खाडीतला तो जुवा. पुस्तकात दोन्ही बेटच.

संकासुर :

शिमगा नसतानाही येतो आहे, माफ करा. धागा छान चाललाय म्हणून भीती वाटायला लागली. आता कोणीतरी येऊन सांगणार की अमुक ऋषींनी इथे तप केलं म्हणून तमुक नाव पडलं, आणि मग पन्नास प्रतिसाद.

गावाच्या नावाची कथा आणि गावाच्या नावाचा उगम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मालवणचंच घ्या. कोणी म्हणतं महा-लवण, मिठागरांमुळे. कोणी म्हणतं माड-वन. दोन्ही व्युत्पत्त्या गोड आहेत, तिथे मीठही होतं आणि माडही आहेत, आणि नेमकी तीच अडचण आहे. ज्या किनाऱ्यावर मीठ आणि माड सगळीकडेच आहेत तिथे कुठलंही नाव यांपैकी एकाला चिकटवता येतं.

मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. तोच शब्द एकमेकांपासून लांब असलेल्या दोन-तीन ठिकाणी आढळला आणि सगळीकडे जमिनीचं रूपही तेच निघालं, तर अर्थ धरायला हरकत नाही. एकाच गावापुरती गोष्ट असेल तर ती गोष्ट म्हणून ऐकावी, चहा प्यावा, उठावं. दांडा या कसोटीला उतरतो : मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आहे आणि सगळीकडे वाळूच आहे. वेळासही उतरतं. एक वेळास मंडणगड तालुक्यात, कासवांचं आणि नाना फडणवीसांच्या मूळ गावाचं. दुसरं श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ. दोन्ही समुद्राला लागून. संस्कृतात वेला म्हणजे किनारा, भरतीची मर्यादा. इथे मी हात जोडतो.

पुळ्याचंही तसंच. गणपतीपुळे म्हटलं की सगळे गणपतीकडे बघतात, पण शेजारी भंडारपुळे आहे. म्हणजे पुळे हा आधीचा शब्द, पुळणीतला, वाळूच्या किनाऱ्यातला. गणपती आणि भंडार नंतरचे विशेष.

खाडीपल्याड :

संकासुर, कसोटी आवडली. आजीच्या शब्दांना लावून बघतो. भाटी?

पांढरा समुद्र :

भाटीचं मी सांगतो, मी रत्नागिरीचा. आमच्याकडे जाकीमिऱ्या आणि भाटीमिऱ्या अशी दोन गावं आहेत, आणि काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये. गोव्यात माडाच्या बागेला भाट म्हणतात, तिचा मालक तो भाटकार. मिऱ्या, भाट्ये, गोवा, तिन्हीकडे किनाऱ्यालगतची वाळवट आणि माड. बसली का कसोटी?

माझ्या आयडीवरून विचारणारे विचारतातच, तर तेही सांगून टाकतो. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीला काळा समुद्र. पाणी तेच. वाळू वेगळी. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट हे जड काळं खनिज आहे, पाऊल टाकलं की कोळशाच्या भुकटीवर टाकल्यासारखं. नाव ठेवणाऱ्याने समुद्राला रंग दिला, पण बघितलं पायाखाली. आणि मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. म्हणून मांडव्या किनारभर आहेत, जिथे माल उतरायचा तिथे तिथे.

आता थोडं दुखरं. मिऱ्याला पंधरामाड नावाची जागा आहे. नाव ठेवणाऱ्याने माड मोजून ठेवलं असणार. समुद्र तिथे दर पावसाळ्यात आत येतो. दगडी बंधारा घातला, खचला, पुन्हा घातला. लहानपणी जिथे क्रिकेट खेळलो तिथे आता लाट फुटते. कोणी पत्ता विचारला तर अजून सांगतो, "पंधरामाडापाशी." किती माड उरलेत ते विचारू नका.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. आठवडाभरात आम्ही "बोटीच्या अलीकडे", "बोटीच्या पलीकडे" असे पत्ते सांगायला लागलो होतो. नावं अशीच पडतात, ग्रामसभेत ठराव करून नाही.

नुसता वाचक :

एवढं काय त्यात, नकाशावर 'सुधारणा सुचवा' म्हणून बटण असतं. दाबा आणि मोकळे व्हा.

खाडीपल्याड :

दाबलं होतं. दोनदा. एकदा नाव खाडीच्या मध्यभागी गेलं. आठवडाभर आमचं गाव बुडालेलं होतं.

नकाशेवाला :

नाव पलीकडे का पडतं ते सांगतो, यात कोणाचा दुष्टपणा नसतो. कागदी नकाशापासून सुरुवात करू. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तुमची ३०० मीटरची खाडी झाली ६ मिलिमीटर. गावाचं नाव छापायला अडीच सेंटिमीटर लागले तर ते नावच जमिनीवर सव्वा किलोमीटर लांब झालं. म्हणजे अक्षरं खाडीपेक्षा रुंद. समुद्रकिनारी तर आणखी पंचाईत, कारण एका बाजूला पाण्याची निळी जागा मोकळी ठेवायची असते. मग नाव जिथे मावेल तिथे सरकवतात.

फोनमधल्या नकाशाची तऱ्हा वेगळी. त्यात पुष्कळदा गावाची हद्द हा एक बहुकोन असतो आणि नाव त्याच्या मधोमध येतं. कोकणातल्या गावाची हद्द म्हणजे खाली पुळण, मग बागा, मग चढ, मग वर कातळाचा सडा. घरं सगळी खालच्या पट्टीत, आणि क्षेत्रफळ सगळं सड्याचं. त्यामुळे नाव जाऊन बसतं सड्यावर, जिथे चिटपाखरू नाही. किनाऱ्यावरची किती गावं नकाशात अशी कातळावर वसली आहेत म्हणून सांगू!

तुमचं नाव सड्यावर नाही, पलीकडच्या काठावर गेलंय, हे मात्र मलाही जरा विचित्र वाटतंय.

दर्यातली :

सगळे जमिनीवरूनच बोलताय. मी खारवी घरातली, माझे वडील आणि दोन्ही काका मचव्यावर. आमची नावं पाण्यातून बघून ठेवलेली.

समुद्रात कुठे आहे हे कळायला जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड जुळली, दुसरीकडे अमुक टोकाआड तमुक माड गेला, की खाली खडप (पाण्यातला खडक) आहे, जाळं टाकू नको, फाटेल. त्या खडपाला नाव असतं. खोली वावांत, म्हणजे दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापात. आता जीपीएस आलं, पण वडील त्यातही आकड्याच्या जागी जुनंच नाव भरून ठेवतात. एकाच डोंगराला गावात एक नाव आणि होडीत दुसरं, कारण गावातून त्याची पाठ दिसते आणि होडीतून तोंड.

खाड्यांची नावं बघा. सावित्री समुद्राला मिळते ती बाणकोटच्या खाडीतून. वाशिष्ठी दाभोळच्या, शास्त्री जयगडच्या, मुचकुंदी पूर्णगडच्या. नदीचं नाव खाडीला का नाही? कारण खाडीत शिरणारा बंदर बघून शिरायचा. त्याला वर डोंगरात नदीला काय म्हणतात याच्याशी काय करायचंय! नदी वरून खाली येणाऱ्यांची, खाडी दर्यातून आत येणाऱ्यांची.

अंजनवेल-वेलदूरवाले :

आणि दाभोळ खाडीचा एक काठ आमचा आहे हे कोणी कधी म्हणायचं नाही. चालू द्या.

दर्यातली :

:) धोपाव्याची फेरी तुमच्याच बाजूला लागते ना? तेवढं समाधान माना.

कारकुनी :

महसूल खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. उशिरा वाचला धागा. थोडं कागदाच्या बाजूने.

सरकारी दप्तराला ओळखतं ते मौजे गाव. वाडी दप्तरात गाव म्हणून येत नाही. त्यामुळे एका मौजेत दहा वाड्या असल्या तरी सातबाऱ्याला नाव एक. वरचीवाडी, खालचीवाडी, मधलीवाडी ही कोकणात इतक्या गावांत आहेत की नुसत्या वाडीच्या नावाने टपालही पोचायचं नाही. गाव दुभंगलं की बुद्रुक आणि खुर्द होतं, दोन्ही फारसी, थोरलं आणि धाकटं. किल्ल्याभोवतीच्या गावाला घेरा लागतो : घेरा यशवंतगड, घेरा रसाळगड. लोक हे शब्द बोलताना गाळतात आणि अर्जात लिहायचे विसरतात, मग अर्ज परत जातो. माझ्या टेबलावरून असे किती परत गेले असतील, देव जाणे.

उलटही घडतं. सरकारने दिलेलं नाव लोक घेत नाहीत. बाणकोटच्या किल्ल्याला मराठ्यांनी हिम्मतगड म्हटलं, पुढे अठराव्या शतकात इंग्रजांनी घेतल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. आज तिथे उतरून व्हिक्टोरिया कुठे म्हणून विचारा बघू.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न. नकाशेवाल्यांना विचित्र वाटलं ते मलाही वाटलं. तुमच्या मौजेचे काही सर्व्हे नंबर खाडीपलीकडे नाहीत ना? भूनकाशावर (जमिनीच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर) गाव काढून हद्दीची रेघ कुठून जाते ते बघा. खाडीच्या मुखाशी असं होतं. मोजणी झाली तेव्हा पाणी एकीकडून वाहत होतं, आता दुसरीकडून वाहतं. रेघ कागदावर जिथल्या तिथे राहते.

खाडीपल्याड :

अहो, हे डोक्यातच आलं नव्हतं. बघून सांगतो.

निळी खिडकी :

धागा आवडीने वाचतेय, पण "जुनी नावं जपा" हा जो सूर मधूनमधून येतोय त्यावर बोलायला हवं. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची नावं जातींची आहेत. माझ्या आजोळच्या वाडीचं तसंच होतं. मामा पत्ता सांगताना नेहमी गावाचं नाव सांगून थांबायचा. पुढे विचारलं की "बस स्टॉपवर या, मी न्यायला येतो." मला वाटायचं काय पाहुणचार! कारण कळायला कॉलेजपर्यंत जावं लागलं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तेव्हा बरं वाटलं. वाडीतल्या बैठकीत थोरामोठ्यांच्या नावांची लांब यादी निघाली. आजोबा म्हणाले, आपल्या वाडीला बारमाही झरा आहे, गावाला टंचाई असते तेव्हा इकडे हंडे घेऊन कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे, झऱ्याचंच नाव द्या. तेच ठरलं. तुमच्या दांडा-भाटीच्या यादीत तेही धरा. ते जुनं नाही, पण जमिनीचंच आहे.

संकासुर :

निळी खिडकी, कसोटीत हे बसत नव्हतं आणि बसायला हवं होतं. कोणाच्या तोंडचं नाव आणि कोणाच्या माथी मारलेलं, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. झऱ्याचं नाव फार आवडलं.

चौलच्या अलीकडे :

+१. आणि दिशांचं कोणी लिहिलं नाही अजून. किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण कोण म्हणतं? खाली म्हणजे दर्याकडे, वर म्हणजे डोंगराकडे. सगळ्या कोकणालाच खलाटी आणि वलाटी अशी नावं आहेत, समुद्राकडची सखल ती खलाटी, डोंगराकडची ती वलाटी. त्याच्याही वर घाट. माझी मुंबईत वाढलेली मुलगी गावी आली की चुलतीला विचारते "लेफ्ट की राइट?" आणि चुलती म्हणते, "खालती गो."

खाडीपल्याड :

मंडळी, चार दिवसांनी येतोय. बरंच घडलं.

भूनकाशावर हद्द काढली. कारकुनी साहेब, दंडवत. आमच्या मौजेची रेघ खाडी ओलांडून जाते आणि पलीकडच्या काठावरचं वाळूचं एक टोक कवेत घेऊन परत येते. म्हणजे नकाशाने नाव तिकडे टाकलं त्याला अगदीच आधार नव्हता असं नाही. डिलिव्हरीवाला मुलगा एका अर्थाने आमच्याच गावात उभा होता. मीच त्याला ओरडलो.

रविवारी आजीला घेऊन तरीच्या धक्क्यावर बसलो आणि विचारलं, दांडा कुठे? तिने आपल्या बाजूच्या पुळणीकडे हात केला. मग हात तसाच पुढे, पाण्यावरून, पलीकडच्या टोकापर्यंत नेला. "ह्यो सगळा." मी म्हटलं, मध्ये पाणी आहे. तर म्हणाली, आता आहे. ती लहान असताना पुळणीतून चालत टोकापर्यंत जायचे, शिमग्यात पोरं तिकडे लाकडं गोळा करायला जात. एका पावसात वरून पूर आला, बाहेर उधाण, पाण्याला वळसा घालून जायला वाव राहिला नाही आणि त्याने दांड्याची मान कापली. टोक तुटून पलीकडच्या वाळूला चिकटलं. आधी जी वाट खाडीची होती ती गाळाने भरून खाजण झालं. आजी ज्याला खाजण म्हणते तेच! मला वाटायचं ती सवयीने म्हणते. ती खाडीची जुनी वाट सांगत होती.

म्हणजे दांडा तुटला, पण नाव तुटलं नाही. नाव अजून दोन्ही काठांवर आहे, मध्ये पाणी घेऊन.

मालवणी माड :

काटा इलो अंगार. देवबागवाल्यांची भीती हीच असते. एखाद्या पावसात मधेच तोंड फुटलं तर काय.

नकाशेवाला :

हे मुक्त नकाशावर, म्हणजे कोणालाही भर घालता येते त्या ऑनलाइन नकाशावर, नोंदवायलाच हवं. तिथे एका जागेला मुख्य नाव, पर्यायी नाव, स्थानिक नाव आणि जुनं नाव असे वेगळे रकाने असतात. घरं आहेत तिथे गावाचा बिंदू टाका, पार्सल येईल. दांडा दोन तुकड्यांत काढा, दोन्हीला तेच स्थानिक नाव द्या. खाजण दलदल म्हणून काढा. आजीकडून जेवढी नावं मिळतील तेवढी वहीत लिहा, सोबत ती जागा कशी ओळखायची तेही. नुसतं "तरीवर" लिहून ठेवलंत तर तरी बंद पडल्यावर कोणाला कळणार?

दर्यातली :

आणि पाण्यातली नावं आजीकडे नसतील. त्यासाठी एखाद्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) गाठा. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसात नका जाऊ, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोल जाते तेव्हा जा, खडपं उघडी पडतात. बोटाने दाखवून देईल एकेक.

कारकुनी :

एक राहिलं. पलीकडच्या त्या टोकावर कोणाचे सर्व्हे नंबर आहेत ते बघितलंत का?

खाडीपल्याड :

बघितले. एक आमचा आहे. ११ गुंठे, माडांसकट, पणजोबांच्या नावावर. वाटणीच्या कागदांत त्याचा उल्लेखच नाही, कारण सगळे समजत होते की ती जमीन दर्याने नेली.

खाडीपल्याड :

आत्ताच चुलतभावाचा फोन येऊन गेला. "कुठलं टोक रे?" म्हणून विचारत होता.

अंजनवेल-वेलदूरवाले :

अर्धा तालुका वाचतो हे तुम्हीच लिहिलं होतंत.